सोबतचे सामान, मागाहून येणारे सामान

आपल्याकडे ‘जकात’ या शब्दाला कधी चांगली कीर्ती लाभली नाही. गावाच्या वेशीवरचा नाका, त्यापुढे ताटकळत उभी असलेली मालमोटारींची रांग आणि कारकुनाची नजर चुकवून आत आणलेल्या मालाच्या रसभरित कथा हे चित्र आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईतील जकातही संपली. परंतु जकातीने घडविलेली मनोवृत्ती काही संपलेली नाही. विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर उभे राहिले की सरळमार्गी माणसाचाही चेहरा उगाच कसनुसा होतो. ‘जाहीर करण्याजोगे काही नाही’ असे म्हणून हिरव्या मार्गाने झपझप बाहेर पडावे, यातच प्रवासाची सुखरूप सांगता झाली असे आपण मानतो.

जो माणूस पर्यटनासाठी नव्हे, तर कायमच्या वास्तव्यासाठी परदेशात पाऊल ठेवतो, त्याच्या बाबतीत मात्र हा सारा हिशेब उलटा असतो. तेथे ‘काही नाही’ म्हणणारा माणूस स्वतःचा हक्क सोडून देत असतो आणि जो आपल्या भांड्याकुंड्यांची तपशीलवार यादी अधिकाऱ्यापुढे ठेवतो, त्याचे सामान विनाकर आत जाते. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता सांगलीहून कॅनडात स्थायिक होण्यासाठी गेलो, तेव्हा हा अनुभव जवळून घेतला. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी आहेत आणि त्यांच्यामागे आई-वडीलही जाऊ लागले आहेत. त्यांना उपयोग व्हावा, हा या लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू लेखाच्या ओघात ध्यानी येईल.

तीन अटी

आमचे चिरंजीव बारा वर्षांपासून टोरांटोलगतच्या मिसिसॉगा शहरात राहतात. आई-वडिलांना बोलावून घेण्याची जी योजना कॅनडा सरकारने ठेवली आहे, तिच्याद्वारे त्यांनी आमचा अर्ज केला आणि यथावकाश तो मंजूर झाला. किमान बारा महिने वास्तव्य करण्याच्या हेतूने प्रथमच येणाऱ्या अशा माणसाला तेथील सीमाशुल्क व्यवस्थेत ‘सेटलर’ म्हणतात. त्याला आपले घरगुती व वैयक्तिक सामान कर न भरता आणता येते. त्यासाठी तीन अटी आहेत. वस्तू त्याच्या मालकीची असावी, त्याच्या ताब्यात असावी आणि कॅनडात येण्यापूर्वी त्याने ती वापरलेली असावी. मालकी, ताबा आणि वापर या तिन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. यांतील दोन पुऱ्या झाल्या आणि एक राहिली तर ती वस्तू सवलतीत बसत नाही. भाड्याने घेतलेली वस्तू म्हणूनच बसत नाही आणि दुकानातून खोक्यासकट आणलेला कोरा मिक्सरही बसत नाही.

इतर देशांचे नियम याच धर्तीचे, पण थोडे निराळे आहेत. अमेरिकेत घरगुती सामान किमान वर्षभर वापरात असावे लागते. ऑस्ट्रेलियातही बारा महिन्यांची मालकी व वापर अपेक्षित आहे. ब्रिटनमध्ये ही मुदत सहा महिन्यांची असून अर्ज आधीच करून मंजुरी घ्यावी लागते. कॅनडा नव्याने येणाऱ्यास अशी मुदत घालत नाही. आगमनापूर्वी वापर झाला एवढे पुरे. नवविवाहितांना आणखी एक सवलत आहे. विवाह आगमनापूर्वीच्या तीन महिन्यांत झाला असेल किंवा आगमनानंतर तीन महिन्यांत व्हावयाचा असेल, तर लग्नात मिळालेल्या वस्तूंना वापराची अट लागत नाही. मुलीला लग्न करून तिकडे पाठविणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

सामानाच्या याद्या दोन करावयाच्या असतात. पहिली सोबत आणलेल्या सामानाची आणि दुसरी मागाहून येणाऱ्या सामानाची. प्रत्येक वस्तूपुढे तिचे वर्णन, अंदाजे किंमत आणि यंत्र असेल तर बनावट, नमुना व क्रमांक लिहावा लागतो. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्याच आगमनाच्या वेळी द्यावी लागते. त्या दिवशी हातात एकही पेटी नसली तरी द्यावी लागते. त्या यादीत जे नाही, ते पुढे जहाजाने आले तर त्यावर कर लागू शकतो. थोडक्यात, भविष्यात आपल्याला काय काय हवेसे वाटेल, याचा विचार निघण्यापूर्वीच करून ठेवावा लागतो.

घराची यादी

चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे याद्यांचे मला भय नव्हते. तारण मालाची तपासणी करताना गोदामातील पोती मोजली होती, सोने तारण कर्जाच्या वेळी दागिन्यांची वजने नोंदविली होती आणि बेवारस लॉकर पंचांसमक्ष फोडून आतील चिजांचे पंचनामेही लिहिले होते. तथापि ते सारे परक्यांचे होते. स्वतःच्या घरातील एकेक वस्तू हातात घेऊन तिच्यापुढे आकडा मांडणे हा निराळाच अनुभव ठरला.

सौ. वस्तू सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. तांब्याचा बंब, शिवणयंत्र, पितळी डबे सात, पाटा-वरवंटा, हार्मोनियम, माझी पुस्तके. किमतीच्या रकान्यापाशी आमची गाडी अडली. नियमाप्रमाणे लिहावयाची ती वस्तूची आजच्या स्थितीतील किंमत. १९८४ साली मिरजेहून आणलेल्या पेटीची आज बाजारात काय किंमत येईल? मी एक आकडा सुचविला.

“अहो, एवढीच?” सौ. म्हणाल्या.

“जुन्या पेटीला याहून अधिक कोण देईल?”

“विकायची कुणाला आहे? नेण्यासाठीच तर लिहितो आहोत ना आपण?”

त्यांचे म्हणणे बिनतोड होते. पण रकाना बाजारभावाचा होता. आम्ही माझाच आकडा ठेवला आणि वर्णनाच्या जागी ‘वापरलेली, चालू स्थितीत’ एवढे शब्द वाढविले. पुढे लिहिता लिहिता लक्षात आले की, या यादीत बहुतेक ओळींपुढे ‘वापरलेले’ हाच शब्द येतो आहे. बाजारात ज्या शब्दाने वस्तूची किंमत उतरते, त्याच शब्दाने सीमेवर तिचा कर माफ होतो. त्या देशाचा नियम करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ओळखली होती: वापरलेल्या वस्तू म्हणजे माणसाचा चालता संसार. कर लावावयाचा तो व्यापाराच्या मालावर, संसारावर नव्हे.

दागिन्यांची तयारी सविस्तर करावी लागते. सीमाशुल्क अधिकाऱ्याला वर्णनावरून वस्तू ओळखता यावी, म्हणून सराफाकडून मूल्यांकनाचा दाखला घ्यावा आणि प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र त्यावर सराफाच्या सही-तारखेसह जोडावे, असा सल्ला दिला जातो. पुढे केव्हाही तो दागिना घेऊन सीमा ओलांडताना हाच पुरावा उपयोगी पडतो. भारतातून निघतानाही आपल्या विमानतळावरील सीमाशुल्क विभागाकडून नेलेल्या मौल्यवान वस्तूंचा निर्यात दाखला घेता येतो. म्हणजे परत येताना हे सोने परदेशात घेतलेले नाही, हे सिद्ध करण्याची दगदग उरत नाही. यासाठी विमानाच्या वेळेआधी बराच अवधी हाताशी ठेवावा.

मालकीचा रकाना

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर दागिने नेण्यासाठी आम्ही लॉकर उघडला. सौ. यांच्या पाटल्या, ठुशी आणि बांगड्या निघाल्या. त्याखाली लाल कापडात बांधलेली आईची मोहनमाळ होती.

आईला जाऊन नऊ वर्षे झाली होती. तिच्या आजारपणात दागिने आमच्या लॉकरमध्ये आले आणि तिच्या पश्चात तेथेच राहिले. लग्नाकार्यात सौ. ती माळ घालत, अक्काही घालीत. धाकट्या भावाच्या घरचे कार्य असले की माळ त्याच्याकडे जाई आणि परत येई. वाटणीचा विषय कुणी काढला नव्हता, कारण कुणालाच तो काढावासा वाटत नव्हता.

आता यादीने तो काढला. ताबा आमचा होता. वापरही होता. परंतु मालकी? सोने तारण ठेवून घेणाऱ्या बँकेकडे ताबा असतो, मालकी नसते, हे मी नव्या कर्मचाऱ्यांना कितीदा शिकविले असेल. आईने मृत्युपत्र केले नव्हते. वारस आम्ही तिघे भावंडे. अशा स्थितीत त्या माळेपुढे माझे नाव लिहून खाली सही करणे मला शक्य नव्हते आणि कुणाला न सांगता ती सामानात ठेवणे तर त्याहून अशक्य होते.

अक्काला कोल्हापूरहून आणि भावाला इचलकरंजीहून बोलावून घेतले. जेवणे झाल्यावर माळ पाटावर ठेवली आणि नियमाचा कागद वाचून दाखविला. थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग भाऊ म्हणाला, “अण्णा, तुम्ही निघालाय सातासमुद्रापलीकडे. आईची आठवण तुमच्याजवळ असू दे की.”

अक्का म्हणाल्या, “घेऊन जायला माझी ना नाही. पण तिथं ती बँकेच्या पेटीतच राहणार. इथं राहिली तर भाच्या-पुतण्यांच्या लग्नात चार गळ्यांत पडंल.”

त्यानंतर जे बोलणे झाले ते सारेच गोड होते असे नाही. नऊ वर्षांत न बोललेल्या काही गोष्टी त्या दुपारी निघाल्या: आईच्या औषधपाण्याचा खर्च, गावाकडच्या शेताचा खंड, कुणी किती खेपा घातल्या. त्या निघाल्या, ऐकून घेतल्या गेल्या आणि संपल्या. शेवटी माळ अक्कांकडे राहावी, आईच्या दोन बिलवरांपैकी एक आम्ही न्यावी आणि दुसरी भावाकडे जावी असे ठरले. मी रीतसर कागद केला, तिघांनी सह्या केल्या आणि सौ. यांनी माळ स्वतःच्या हाताने अक्कांच्या गळ्यात घातली. परदेशातील एका छापील अर्जातील रकान्याने आमच्या घरातील अडलेला प्रश्न एका दुपारीत मार्गी लावला.

न जाणाऱ्या वस्तू

काही वस्तूंच्या बाबतीत मालकी, ताबा आणि वापर या तिन्ही अटी पुऱ्या होत असूनही त्या नेता येत नव्हत्या. येथे प्रश्न कॅनडाच्या कायद्याचा नव्हता. आपल्या देशाच्या कायद्याचा होता.

आमच्या घरी शके १८०९ मध्ये पणजोबांनी लिहून घेतलेली एक हस्तलिखित पोथी होती. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणे, चित्र आदी वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखित शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाचे असेल, तर त्याला ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांचीच आहे. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. उल्लंघन केल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे. वस्तू घरची आहे, वंशपरंपरागत आहे, विकावयाची नाही, या सबबी तेथे चालत नाहीत. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत जुन्या पोथ्या व धातूच्या प्रतिमा आहेत, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

जुनी दिसणारी प्रत्येक वस्तू मात्र पुरावस्तू नसते. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून ती तपासून घेऊन ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळविता येतो. आमच्या पितळी समईसाठी आम्ही तसा दाखला घेतला. पोथीचा प्रश्न तिच्या शेवटच्या पानावरील शकानेच निकालात काढला होता. ती आम्ही गावच्या मंदिराच्या ग्रंथभांडारात दिली आणि पोच घेतली.

आई-वडिलांना पिच्छी-परिवर्तनाच्या सोहळ्यात मिळालेली एक जुनी पिच्छीही घरात होती. मोरपिसे आणि त्यांपासून केलेल्या वस्तू यांच्या निर्यातीस भारतात बंदी आहे. मोराने आपसूक गाळलेली पिसे असली तरी सीमेवर ती पिसेच. पिच्छी धाकट्या भावाच्या देवघरात गेली.

राहता राहिली माती. सौ. यांना अंगणातील तुळशीची मूठभर माती आणि मंजिऱ्या न्यावयाच्या होत्या. कॅनडात माती आणण्यास मनाई आहे आणि रोपे व बियाणे यांवर कडक निर्बंध आहेत, कारण मातीतून कीड, बुरशी आणि रोगजंतू येतात. मी नियम सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला, तुळशीची कुंडी शेजारच्या वहिनींच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि पाणी केव्हा घालावयाचे ते समजावून सांगितले. त्या दिवशी यादीचे काम पुढे सरकले नाही.

पैशाची बाब

रोख रकमेविषयी अनेकांच्या मनात गैरसमज असतो. कॅनडात येताना १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम जवळ असेल तर ती जाहीर करावी लागते. यात नोटांबरोबर धनाकर्ष, प्रवासी धनादेश यांचीही बेरीज धरली जाते. ही रक्कम आणण्यास मनाई नाही आणि त्यावर करही नाही. फक्त सांगावयाचे असते. न सांगितल्यास रक्कम जप्त होऊ शकते आणि ती सोडवून घेण्यासाठी २५० ते ५,००० डॉलर दंड भरावा लागतो. विनाशुल्क असलेली गोष्ट लपविण्यासाठी दंड भरण्याची ही तऱ्हा अनाकलनीय आहे. पण जकात नाक्याचे संस्कार खोलवर गेलेले असतात.

निवृत्तीची शिल्लक अंगावर बाळगून नेण्याचे कारणच नाही. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत पाठविता येते. कायमचे गेल्यावर येथील बचत खाते अनिवासी साधारण खात्यात, म्हणजे एनआरओ खात्यात, बदलून घ्यावे लागते. पुढे त्या खात्यातून आवश्यक कर भरून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. सोबत भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंतच नेता येते. आमच्या दोघांच्या खिशात मिळून दोन हजार डॉलर होते, बाकी सारे बँकेच्या मार्गाने गेले.

पिअर्सन विमानतळावर

ऑक्टोबरातील एका दुपारी आम्ही टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरलो. तेथे प्रथम यंत्राच्या पडद्यावर प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: खाद्यपदार्थ आहेत का, वनस्पतिजन्य काही आहे का, दहा हजार डॉलर किंवा अधिक रक्कम आहे का, मागाहून सामान येणार आहे का. खाद्यपदार्थांपुढे आम्ही ‘होय’ म्हटले, कारण सोबत मेतकूट, भाजणी आणि मसाले होते. रकमेपुढे ‘नाही’ आणि मागाहून येणाऱ्या सामानापुढे ‘होय’. तेथून स्थलांतर विभागात कागदपत्रे झाली आणि मग सीमाशुल्काच्या खिडकीपाशी आमची पाळी आली.

अधिकारी पस्तिशीच्या एक भगिनी होत्या. बोलण्यात पंजाबी हेल होता. त्यांनी दोन्ही याद्या हातात घेतल्या. चार पेट्यांमधील सामानाची पहिली यादी त्यांनी भरभर पाहिली, बिलवराचे छायाचित्र दाखल्याशी ताडून पाहिले आणि मसाल्यांविषयी दोन प्रश्न विचारले. नातीसाठी घेतलेले कोरे परकर-पोलके आम्ही वेगळे दाखविले होते. ती भेटवस्तू अल्प किमतीची असल्याने बाजूला ठेवली गेली. दुसरी यादी मात्र त्यांनी सावकाश वाचली. हार्मोनियमच्या ओळीवर बोट थांबले.

“ये आप बजाते हैं?” त्यांनी मला विचारले.

“मैं नहीं, ये,” असे म्हणून मी सौ. यांच्याकडे निर्देश केला.

“भजन में,” सौ. म्हणाल्या.

त्या हसल्या. “मेरी नानी भी बजाती थीं.” मग दोन्ही प्रतींवर शिक्का बसला, एक प्रत आमच्या हाती आली आणि ती जपून ठेवण्याची सूचना मिळाली. एकही पेटी उघडावी लागली नाही. सारा प्रकार वीस मिनिटांत आटोपला. त्यामागे तीन महिन्यांची तयारी होती.

मिसिसॉगात पुढे एका वयोवृद्ध मराठी अभियंत्यांची ओळख झाली. साठीच्या दशकाच्या अखेरीस ते येथे आले. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात भारत सोडणाऱ्याच्या हाती जेमतेम आठ डॉलर पडत. मी त्यांना आमच्या यादीची हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “आमची यादी सोपी होती. दोन सूट, एक प्रेशर कुकर आणि गणिताची स्लाइड रूल. मागून येणारं काही नव्हतं. मागे होतं ते सगळं वडिलांचं होतं.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण त्या पिढीने किती रिकाम्या हातांनी सुरुवात केली, हे मला आमच्या दोन पानी यादीमुळे अधिक स्पष्ट कळले.

शिक्क्याचा कागद

आमचे उरलेले सामान न्हावा शेवा बंदरातून जहाजाने निघाले आणि मॉन्ट्रियलमार्गे दोन-अडीच महिन्यांनी टोरांटोजवळच्या गोदामात पोहोचले. तेथे सीमाशुल्क विभागाने पहिला प्रश्न केला तो शिक्का मारलेल्या यादीचा. ती दाखविताच सामान विनाकर सुटले. त्याच दिवशी तेथे एक तरुण दांपत्य आले होते. त्यांनी पहिल्या आगमनाच्या वेळी ‘मागाहून काही नाही’ असे सांगितले होते. नंतर आई-वडिलांनी हौसेने त्यांचे शिसवी कपाट आणि भांडी पाठविली. कपाट त्यांचेच होते, वापरातलेही होते. पण यादीत नसल्याने त्यांना कराच्या हिशेबाला सामोरे जावे लागले.

विनाकर आणलेली वस्तू बारा महिन्यांच्या आत विकली अथवा देऊन टाकली, तर माफ झालेला कर भरावा लागतो, हीही अट लक्षात ठेवावी. फॉर्मची नावे, रकमांच्या मर्यादा आणि खाद्यपदार्थांचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाची ताजी माहिती पाहूनच यादी करावी. लेखात दिलेले नियम दिशा कळावी एवढ्यासाठीच आहेत.

आपल्याकडे श्रावकाला परिग्रहाचे परिमाण करावयास सांगितले आहे: आपल्याजवळ काय आहे ते मोजावे आणि त्याला स्वतःहून मर्यादा घालावी. मी हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. प्रत्यक्ष मोजणी मात्र आयुष्याच्या सहासष्टाव्या वर्षी झाली, आणि तीही एका सरकारी अर्जासाठी. त्या मोजणीत बऱ्याच वस्तू गळाल्या. काही कायद्याने, काही वजनामुळे, तर काही ‘ही आपण कधी वापरली?’ या साध्या प्रश्नाने. उरल्या त्यांची दोन पाने झाली. सांगलीच्या घरात तीन खोल्यांत न मावणारा संसार दोन पानांत बसला, याचे आरंभी वाईट वाटले. आता वाटत नाही.

शेवटी ज्यांना कोठेही जावयाचे नाही, अशा वाचकांसाठी दोन शब्द. बँकेत असताना मी कितीतरी लॉकर मालकाच्या मृत्यूनंतर उघडले जाताना पाहिले. आत काय आहे आणि ते कुणाचे, हे बाहेर उभ्या असलेल्या मुलाबाळांना ठाऊक नसे आणि जे सांगू शकले असते ते माणूस निघून गेलेले असे. म्हणून सवडीने एके दिवशी पती-पत्नींनी समोरासमोर बसावे, वही घ्यावी आणि घरातील मोलाच्या प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न लिहावेत: ही कुणाच्या मालकीची आहे, कुणाच्या ताब्यात आहे, आणि हिचा वापर होतो का? ज्या वस्तूपुढे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे निराळी येतील, तिच्याविषयी संबंधित माणसाला बोलावून घ्यावे, जेवू घालावे आणि बोलणे पुरे करावे. वारसनोंद राहिली असेल तर ती त्याच आठवड्यात करून टाकावी. वही कुठे ठेवली आहे, ते मुलांना सांगून ठेवावे.